पंधरा वर्षांचा धर्मोपदेशक

मिशनरी हा शब्द कानीं पडला कीं आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांसमोर एक ठराविक मूर्ति उभी राहते. प्रौढ वय, गंभीर मुद्रा, हातांत पुस्तक, पाठीशीं शाळा किंवा इस्पितळ, आणि परदेशांतील मंडळीकडून नियमानें येणारें वेतन. मुंबईस १८१३ सालीं व पुढें अहमदनगरास १८३१ सालीं अमेरिकन मिशननें ठाणें दिलें, तेव्हांपासून महाराष्ट्रानें जे पाद्री पाहिले ते बहुतेक याच सांच्यांतले. ज्याची हकीगत आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों त्याच्यापाशीं यांतलें कांहींएक नव्हतें. वय पंधरा, शिक्षण अर्धवट, आणि तेंही मास्तरांशीं मारामारी होऊन संपलेलें, आईबाप दोघेही वारलेले, खिशांत पैसा नाहीं. अशा मुलाला त्याच्या पंथानें १८५४ सालीं हजारों मैलांवरच्या बेटांत धर्म शिकविण्यास पाठविलें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरांत या वयाचा मुलगा असेल त्यांनीं क्षणभर त्याच्याकडे पाहावें आणि मग पुढें वाचावें.

या मुलाचें नांव जोसेफ एफ. स्मिथ. त्याचा चुलता, तोही जोसेफ स्मिथच, हा मॉर्मन पंथाचा संस्थापक. या पंथाविषयीं आपल्याकडे फारशी माहिती नाहीं, म्हणून दोन शब्द सांगितले पाहिजेत. न्यूयॉर्क संस्थानांत ६ एप्रिल १८३० रोजीं चोवीस वर्षांच्या जोसेफनें हा नवा ख्रिस्ती पंथ स्थापन केला. एका देवदूतानें दाखविलेल्या सुवर्णपत्र्यांवरून आपण एका प्राचीन ग्रंथाचें भाषांतर केलें, असें त्याचें सांगणें होतें. त्या ग्रंथाच्या नांवावरून जग या लोकांना मॉर्मन म्हणूं लागलें. पंथाचें स्वतःचें नांव बरेंच लांब आहे, व २०१८ पासून तेंच पुरें नांव घ्यावें असा आग्रह पंथाच्या धुरीणांनीं धरला आहे. तथापि एकोणिसाव्या शतकाची गोष्ट सांगतांना त्या शतकाचाच शब्द वापरणें आम्हांस सोयीचें वाटतें. नवा ग्रंथ, नवा पैगंबर, मतदानांतली एकजूट, आणि पुढें पुढें बहुपत्नीत्वाची कुजबूज, या सर्वांमुळें हे लोक जेथें गेले तेथील शेजाऱ्यांस नकोसे झाले. १८३८ सालीं मिसूरींतून त्यांची हकालपट्टी झाली. त्याच धामधुमींत, १३ नोव्हेंबर १८३८ रोजीं, आमच्या चरित्रनायकाचा जन्म झाला. बाप हायरम स्मिथ त्या वेळीं कैदेंत होता. घराची झडती घेण्यास आलेल्या लोकांनीं उचललेली गादी तान्ह्या मुलाच्या अंगावर पडली व तें गुदमरतां गुदमरतां वांचलें, अशी आठवण त्या घराण्यांत सांगत.

मूल पांच वर्षांचें असतां २७ जून १८४४ रोजीं इलिनॉय संस्थानांतील कार्थेज गांवच्या तुरुंगांत शिरून एका जमावानें बाप व चुलता या दोघांनाही गोळ्या घातल्या. घोड्यावर बसलेल्या बापानें खालीं वांकून आपणांस उचलून घेतलें व निरोप घेतला, आणि नंतर एका रात्रीं खिडकीवर थाप पडून कोणीतरी आईला बातमी सांगितली, या दोन गोष्टी त्याला म्हातारपणापर्यंत आठवत. विधवा मेरी फील्डिंग ही जातीची बाई होती. १८४८ सालीं पंथाचे उरलेले लोक रॉकी पर्वतापलीकडच्या यूटाच्या वाळवंटाकडे निघाले तेव्हां तांड्याच्या नायकानें तिला सुचविलें कीं तुझें ओझें वाटेंत सगळ्यांवर पडेल, तूं मागेंच राहावेंस. आपण तुमच्या आधीं पोहोंचूं, असें तिनें बजावलें. आणि नऊ वर्षांच्या पोरानें हांकलेल्या बैलगाडीसह ती खरोखरच आधीं पोहोंचली. चार वर्षांनीं, १८५२ च्या सप्टेंबरांत, तीही गेली. मुलगा तेरा वर्षांचा, पाठची बहीण मार्था ॲन अकरा वर्षांची.

आई गेल्यावर तो, त्याच्याच म्हणण्याप्रमाणें, शेंडा ना बुडखा असा भरकटूं लागला. रागीट तर तो होताच. एके दिवशीं मास्तरांनीं मार्थाला मारण्यासाठीं चामड्याचा पट्टा काढला. तिला मारूं नका, असें हा ओरडला. मास्तर याच्यावर धांवून आले. आणि यानें मास्तरांनाच चोपलें. ही हकीगत त्यानें उतारवयांत एका स्नेह्यास हंसत हंसत सांगितली. शाळा अर्थात् सुटली. लौकरच, एप्रिल १८५४ च्या सभेंत, परदेशीं पाठवावयाच्या उपदेशकांचीं नांवें व्यासपीठावरून वाचण्यांत आलीं त्यांत याचें नांव होतें. आधीं विचारून मग नेमण्याची त्या काळीं चाल नव्हती. या दोन गोष्टी एकामागून एक घडल्या हा केवळ योगायोग असेल असें आम्हांस वाटत नाहीं. हूड मुलाला कोठें तरी दूर पाठवून मार्गास लावण्याची युक्ति आपल्याही घरांतून चालत असे. मात्र आपण त्याला मामाकडे पाठवितों, यांनीं पॅसिफिक महासागराच्या मध्यावर पाठविलें.

२७ मे १८५४ रोजीं तो निघाला. घोड्यावरून कॅलिफोर्नियापर्यंत गेला. तेथें बोटीच्या भाड्यासाठीं छपराच्या लांकडी फळ्या तयार करण्याच्या कारखान्यांत मजुरी केली. आणि सप्टेंबरअखेर हवाई बेटांतील होनोलुलु बंदरास लागला. त्या बेटांना तेव्हां सँडविच बेटें म्हणत. तें एक स्वतंत्र राज्य होतें. परंतु राज्याची प्रजा डोळ्यांदेखत झिजत चालली होती. गोरे लोक येण्यापूर्वींच्या तेथील वस्तीचे अंदाज लाखांत केले जातात. १८५३ च्या शिरगणतींत सुमारें ७३,००० माणसें भरलीं, आणि त्याच वर्षीं देवीच्या सांथीनें आणखी कित्येक हजार नेलीं. मुंबईस ज्या बोस्टनच्या संस्थेनें उपदेशक धाडले तिचेच उपदेशक हवाईत १८२० पासून होते. लिपि, छापखाना, शाळा, बायबल हें सारें त्यांनीं तेथें आधींच नेलें होतें. म्हणजे मॉर्मन पोरें गेलीं तीं कोऱ्या भूमीवर गेलीं नव्हतीं.

त्यांच्या आधीं १८५० च्या डिसेंबरांत पहिले दहा मॉर्मन तेथें उतरले होते. गोऱ्या लोकांत धर्म सांगावा असा त्यांचा बेत. परंतु गोरे मुळांत थोडे, व जे होते ते ऐकेनात. दहांपैकीं निम्मे लौकरच परत फिरले. जॉर्ज कॅनन नांवाचा तेवीस वर्षांचा तरुण मात्र राहिला. त्यानें असें धरलें कीं येथील लोकांच्याच झोंपडींत राहावें व त्यांचीच भाषा शिकावी. माउई बेटावरचा नापेला नांवाचा सुशिक्षित हवाई न्यायाधीश त्यास मिळाला, आणि दोघांनीं मिळून मॉर्मनच्या ग्रंथाचें हवाई भाषेंत भाषांतर केलें. तें १८५५ सालीं सॅन फ्रान्सिस्कोस छापून निघालें. आणखीही एक कारण होतें. हे बेटकरी लोक इस्राएलाच्याच एका दूर गेलेल्या शाखेचे वंशज आहेत, असें मॉर्मन लोक मानीत. इतिहास या गोष्टीस दुजोरा देत नाहीं. पण ज्याला सर्व बाजूंनीं रानटी म्हणून हिणविलें जात होतें त्याला, तूं प्राचीन कुळांतला आहेस, असें कोणी गोरा मनुष्य त्याच्याच ओटीवर बसून सांगूं लागला तर तो त्याला जेवावयास थांबवून घेईल, यांत नवल कसलें?

जेवावयास हें आम्ही अलंकारानें लिहीत नाहीं. या उपदेशकांना वेतन नव्हतें. पंथाचा नियमच असा कीं पिशवी व पैसा न घेतां जावें आणि ज्या गांवीं उपदेश करावा त्या गांवानें घातलेलें खावें. पुण्यांत माधुकरी मागून शिकलेलीं माणसें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना ही रीति समजावून सांगावयास नको. फरक एवढाच कीं माधुकरीचा विद्यार्थी घेण्यासाठीं आलेला असतो हें त्याला व यजमानिणीला दोघांनाही ठाऊक असतें. हा पोरगा आपण देण्यासाठीं आलों आहों अशा समजुतींत दारीं उभा राही, आणि घेई मात्र सर्व कांहीं.

त्याची नेमणूक माउई बेटावर, हालेआकाला पर्वताच्या उतारावरील कूला येथें झाली. पोहोंचतो न पोहोंचतो तोंच त्याला कडक ताप आला. घर नाहीं, सोबती नाहीं, भाषा येत नाहीं. अशा स्थितींत एका हवाई बाईनें त्याला आपल्या घरांत घेतलें आणि कित्येक आठवडे पोटच्या मुलाप्रमाणें त्याची शुश्रूषा केली. तिचें नांव मा माहुही. आईच्या मृत्यूनंतर या मुलाच्या कपाळावर कोणी हात ठेवला असेल तर तो हिनें. दोन वर्षांपूर्वीं आई गेली तेव्हां तो तेरा वर्षांचा होता हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या हाताची किंमत समजते. तो तिला आईच म्हणूं लागला. ती त्याला इओसेपा म्हणे. हवाई वर्णमालेंत ज नाहीं व फ नाहीं, तेव्हां जोसेफचा इओसेपा होणें क्रमप्राप्तच होतें.

भाषा त्याला लौकर आली. बेटांत पाऊल टाकल्यापासून शंभरेक दिवसांत आपण हवाई भाषेंत उपदेश करूं लागलों, असें तो पुढें सांगे, आणि हें त्याला ईश्वराचें देणें वाटे. आम्हांस त्याच्या श्रद्धेशीं वाद घालावयाचा नाहीं. परंतु जो मुलगा आजारीपणांत त्या भाषेशिवाय दुसरा शब्द ऐकत नाहीं, पाणी मागण्यापासून रडण्यापर्यंत सर्व कांहीं ज्याला त्याच भाषेंत करावें लागतें, त्याला ती जशी येईल तशी बंगल्यांत पंतोजी ठेवून शिकणाऱ्यास येणार नाहीं. सोळाव्या वर्षीं माउईवरील मंडळ्यांची देखरेख त्याच्याकडे आली. पुढें तो मोठ्या हवाई बेटावर होता, शेवटीं मोलोकाईवर. डोंगर चढून जावें, ओढे पोहून जावें, रात्रीं गवताच्या झोंपडींत सर्व कुटुंबासह चटईवर निजावें, आणि आळकुडीसारख्या कंदाच्या आंबविलेल्या लगद्यावर, ज्याला ते लोक पोई म्हणतात, पोट भरावें, असा त्याचा दिनक्रम होता.

हें सर्व तो साधुवृत्तीनें सोसत असे अशी वाचकांची समजूत व्हावी, अशी आमची इच्छा नाहीं. १८५६ पासूनच्या त्याच्या रोजनिशा उपलब्ध आहेत आणि त्या पुढें छापूनही निघाल्या आहेत. त्यांत हा मुलगा जसा होता तसा दिसतो. पिसवांनीं झोंप येत नाहीं म्हणून तो चिडतो. घरांतील घाणीला नाक मुरडतो. ज्यांच्या अन्नावर जगतो त्यांनाच आळशी ठरवितो. एके दिवशीं देवाच्या कृपेनें हृदय भरून आलें असें लिहितो, आणि लागलीच सर्वांवर वैतागलेला असतो. पंथाच्या गौरवग्रंथांतून त्याचें जें चित्र काढलें जातें त्यापेक्षां हें चित्र आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतें. पंधरा सोळा वर्षांच्या मुलाची श्रद्धा दुसरी कशी असणार? ती त्याला वारशानें मिळालेली होती. बाप व चुलता तिच्यासाठीं मेले, आईनें तिच्यासाठीं वाळवंट तुडविलें. नाहीं म्हणण्याची त्याला सोयच नव्हती. प्रश्न एवढाच होता कीं ती त्याची स्वतःची केव्हां होणार.

याचें उत्तर तो स्वतः एका स्वप्नांत शोधतो. अंगावर धड वस्त्र नाहीं, विद्या नाहीं, वय नाहीं, आणि आपल्या देशचा मनुष्य तोंड वर करून पाहण्याच्याही लायकीचा वाटूं नये अशी हीन भावना मनांत दाटलेली, अशा काळांत त्याला तें पडलें. स्वप्नांत तो एका गांठोड्यासह घाईघाईनें कोठें तरी निघाला आहे. वाटेंत मोठा वाडा लागतो. तेथें स्नानगृह आहे. आंत जाऊन तो स्नान करतो, गांठोडें सोडतो, तों त्यांत कधीं न पाहिलेलें स्वच्छ शुभ्र वस्त्र निघतें. तें नेसून तो दाराशीं जातो, तों दारांत मृत चुलता उभा. उशीर झाला, असें तो म्हणतो. उशीर झाला खरा, पण मी स्वच्छ आहें, असें मुलगा उत्तर देतो. आंत बाप आहे, पुढारी मंडळी आहेत, आणि मांडीवर एक मूल घेऊन आई बसली आहे. तो जागा झाला तेव्हां, वयानें मूल असलों तरी मनानें पुरुष झालों, असें त्याला वाटलें. त्यानंतर जगांत कशाचीही भीति उरली नाहीं, असें तो साठ वर्षांनंतरही सांगत असे. स्वप्नांचा अर्थ लावणारे पुष्कळ आहेत. त्यांत आम्ही भर घालीत नाहीं. एवढेंच नजरेस आणतों कीं जागेपणीं जो दुसऱ्यांच्या घाणीची यादी लिहीत असे त्याला स्वप्नांत चिंता लागली होती ती स्वतःच्या स्वच्छतेची.

१८५६ सालीं लानाई बेटावर आग लागून त्याची पेटी जळाली. कपडे गेले, पहिल्या दीड वर्षाची रोजनिशीही गेली. मग कांहीं दिवस तो व त्याचा सोबती यांच्यामध्यें एकच पोशाख उरला; एकानें तो घालून सभेस जावें व दुसऱ्यानें तोंपर्यंत अंथरुणांत पडून राहावें, असा क्रम चालला, अशी गोष्ट त्याच्या चरित्रांत सांगतात. श्रोत्यांत मात्र हंसूं नये अशी व्यवस्था कोणी केली होती कीं काय, कोण जाणे!

घराशीं संबंध पत्रांचा. मार्थाला त्यानें बेटांवर पाऊल टाकल्यावर पहिल्याच महिन्यांत लिहिण्यास आरंभ केला, आणि बहीणभावंडांचा हा पत्रव्यवहार जन्मभर चालला; दोनशेंच्या वर पत्रें आज उपलब्ध आहेत. सुरुवातीच्या पत्रांतील शुद्धलेखन पाहून आमच्या शिक्षक वाचकांस घाम फुटेल. पण त्यांत पंधरा वर्षांचा भाऊ तेरा वर्षांच्या बहिणीस नीट वागण्याचा, वडिलधाऱ्यांचें ऐकण्याचा उपदेश करतो, तो बापाच्या जागीं बसून करतो. पत्र पोहोंचण्यास महिने लागत. तो परत येण्यापूर्वींच तिचें लग्नही होऊन गेलें. आजही या पंथाचे सत्तर हजारांहून अधिक उपदेशक जगभर असतात, बहुतेक विशीच्या आंतबाहेरचे. मुलगे दोन वर्षे जातात, जोडीजोडीनें हिंडतात, खर्च स्वतःचा किंवा घरचा. २०१९ पर्यंत त्यांना घरीं बोलण्याची परवानगी वर्षांतून दोनदांच असे. आतां आठवड्यास एकदां आहे. आईबापांना हें बरें वाटलें असेल यांत शंका नाहीं. परंतु इओसेपाला दर आठवड्यास यूटाहून कोणी धीर देत असतें तर मा माहुहीच्या मुलाची जागा त्यानें इतक्या पूर्णपणें घेतली असती कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

येथें आमच्या पुणेकर वाचकांसाठीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. इओसेपा माउईवर पोई खात होता त्याच सुमारास एक मॉर्मन उपदेशक पुण्यांत होता. ह्यू फिंडले नांवाचा हा स्कॉटिश गृहस्थ १८५२ च्या सप्टेंबरांत मुंबईस उतरला, पुढें पुण्यास आला, व १८५५ मध्यें निघून गेला. लष्करी अधिकाऱ्यांनीं त्याला छावणींत उपदेश करण्यास मज्जाव केला. त्याची एक लहानशी मंडळी जमली, पण ती बहुतांशीं छावणीच्या आसपासची. त्यांतच १८५२ च्या ऑगस्टांत यूटाच्या पुढाऱ्यांनीं बहुपत्नीत्व हा आपला धर्म असल्याचें उघड जाहीर केलें, आणि ती बातमी उपदेशकांच्या पाठोपाठ हिंदुस्थानांत पोहोंचली. कलकत्त्याकडे आलेल्यांचीही हीच गत झाली. फिंडले हा इओसेपाहून वयानें, अनुभवानें व अभ्यासानें पुष्कळ मोठा होता. परंतु पुण्याच्या पेठांतील एकाही घरानें त्याला तापांत आपल्या माजघरांत निजविलें नाहीं. निजविणें त्या काळीं शक्यही नव्हतें. जो पाहुणा कधीं आजारी पडून घरांत राहत नाहीं तो घरचा होत नाहीं.

१८५७ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं यूटावर फौज रवाना केली आणि पंथानें बाहेरगांवच्या उपदेशकांस परत बोलाविलें. इओसेपा अठरा वर्षांचा असतां निघाला. वाट दक्षिण कॅलिफोर्नियांतून होती, आणि तेथें मॉर्मन लोकांविषयीं रक्त खवळलेलें होतें. त्याला कारणही होतें: त्याच सप्टेंबरांत यूटाच्या दक्षिणेस माउंटन मेडोज येथें मॉर्मन लोकांनीं कॅलिफोर्नियास जाणाऱ्या सुमारें १२० प्रवाशांची कत्तल केली होती. हें काळेंकुट्ट पान या पंथाच्या इतिहासांतून पुसतां येणार नाहीं. एके सकाळीं त्यांच्या मुक्कामावर कांहीं दारू प्यालेले घोडेस्वार शिव्या देत, पिस्तुलें झाडीत आले. इतर मंडळी झुडपांत पसार झाली. हा लांकडें आणण्यास गेला होता. पळावें असें त्याच्याही मनांत आलें. मग विचार केला कीं पळून जावें तरी कोठें, आणि लांकडांची मोळी घेऊन तसाच विस्तवाकडे चालत आला. पिस्तूल रोखून एकानें विचारलें, तूं मॉर्मन आहेस काय? यानें त्याच्या डोळ्यांत पाहून सांगितलें कीं होय, नखशिखांत. तो गुंड क्षणभर थबकला. मग हात पुढें करून म्हणाला कीं असा सरळ मनुष्य पाहून आनंद वाटला. फेब्रुवारी १८५८ मध्यें मुलगा घरीं पोहोंचला. वारशाची श्रद्धा स्वतःची केव्हां झाली, या प्रश्नाचें उत्तर स्वप्नापेक्षां आम्हांस या मोळीच्या प्रसंगांत अधिक सांपडतें.

त्याचें पुढील आयुष्य आम्ही थोडक्यांतच सांगणार आहों, कारण तो आमचा विषय नव्हे. तो पंथाच्या प्रमुखांपैकीं एक झाला. त्यानें एकंदर सहा लग्नें केलीं. पहिली पत्नी लेव्हायरा दुसऱ्या लग्नानंतर त्याला सोडून गेली. धर्मश्रद्धेपायीं बायकांवर काय ओढवतें हें आमच्या वाचक भगिनींना आम्हीं सांगावयास नको; एवढेंच म्हणतों कीं बहिणीसाठीं मास्तरांवर हात उगारणाऱ्या मुलाकडून आमची अपेक्षा अधिक होती. बहुपत्नीत्वाबद्दल सरकारनें खटले सुरू केले तेव्हां पकडवॉरंट चुकविण्यासाठीं तो १८८५ ते १८८७ पर्यंत हवाईतच, ओआहू बेटावरील लाइए येथें पंथाच्या उसाच्या मळ्यावर राहिला. पंथानें ती चाल १८९० सालीं अधिकृतपणें सोडली. १९०१ सालीं तो पंथाचा अध्यक्ष झाला, १९०४ सालीं नवीं बहुपत्नीक लग्नें करणाऱ्यांस बहिष्काराची शिक्षा त्यानेंच जाहीर केली, आणि १९०६ सालीं आपल्या जुन्या बायकांसह राहिल्याबद्दल त्याला स्वतःला ३०० डॉलर दंड झाला.

हवाईचा धागा मात्र तुटला नाहीं. १८८९ सालीं कांहीं हवाई कुटुंबें, आपल्या श्रद्धेच्या मंदिराजवळ राहावें म्हणून, समुद्र ओलांडून यूटांत आलीं. सॉल्ट लेक शहरांतल्या शेजाऱ्यांना तीं शेजारीं नकोशीं होतीं. त्यांना सुमारें ७५ मैलांवर स्कल व्हॅली नांवाच्या उजाड खोऱ्यांत जमीन देण्यांत आली. समुद्रावर वाढलेल्या त्या माणसांनीं तेथें पाट काढले, झाडें लावलीं, घरें बांधलीं, हिमवर्षाव सोसला, महारोगाच्या कांहीं रोग्यांना आपल्याच गांवाच्या एका बाजूस ठेवून त्यांचें केलें, आणि गांवाला नांव दिलें इओसेपा. लाइए येथें मंदिर बांधण्याचें ठरून १ जून १९१५ रोजीं अध्यक्षांनीं जागेचा संस्कार केल्यावर त्यांतील बहुतेक परत गेले, आणि १९१७ पर्यंत गांव ओस पडला. थडगीं उरलीं आहेत. दर वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस त्यांचे वंशज तेथें जमून त्यांवर फुलें वाहतात.

हीं कुटुंबें वाळवंटांत होतीं त्याच काळांत, १९०९ सालीं, सत्तरीचा अध्यक्ष होनोलुलुच्या धक्क्यावर उतरला. त्या भेटीचें वर्णन त्याच्याबरोबर असलेल्या चार्ल्स निब्ली या स्नेह्यानें लिहून ठेवलें आहे. बँड वाजत होता, लोकांनीं त्याच्या गळ्यांत इतके फुलांचे हार घातले होते कीं चेहरा दिसेना. इतक्यांत गर्दीच्या कडेला एक नव्वदीच्या घरांतली आंधळी म्हातारी, कोणाचा तरी हात धरून, इओसेपा, इओसेपा अशा हांका मारीत पुढें येतांना दिसली. अध्यक्षानें तिला पाहिलें मात्र, तो गर्दींतून धांवत गेला, तिला मिठी मारली आणि आई, आई असें म्हणत तिच्या डोक्यावरून हात फिरवूं लागला. मग अश्रु भरलेल्या डोळ्यांनीं निब्लीकडे वळून त्यानें सांगितलें कीं मी मुलगा असतांना, आजारी व एकटा असतांना, हिनें मला सांभाळलें. म्हातारी गरीब होती. तिच्या दुसऱ्या हातांत दोन चार निवडक केळीं होतीं. तीं तिनें त्याच्यासाठीं आणलीं होतीं.